आलेखांचा मांडव

सन १९८६ च्या जानेवारी महिन्याची २७ तारीख. अमेरिकेंत फ्लॉरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘चॅलेंजर’ हें अंतराळयान दुसऱ्या दिवशींच्या उड्डाणासाठीं सज्ज उभें होतें, आणि त्या रात्रीं पारा गोठणबिंदूच्या खालीं जाणार असें हवामानखात्याचें भाकीत होतें. यानाला आकाशांत रेटणाऱ्या दोन अग्निबाणांच्या सांध्यांत रबराचीं कडीं बसविलेलीं असत. थंडीनें रबर ताठरतें, सांधा नीट मिटत नाहीं आणि तप्त वायूला फट सांपडते, ही भीति ते अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांना सतावीत होती. त्यांनीं आपलें म्हणणें तेरा कागदांवर मांडून फॅक्स यंत्रानें दूरच्या अधिकाऱ्यांकडे पाठविलें. टेलिफोनवर रात्रीं उशिरापर्यंत वाद चालला. शेवटीं कंपनीच्या चालकांनींच आपल्या अभियंत्यांची शिफारस मागें घेतली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं ११ वाजून ३८ मिनिटांनीं यान उडालें, आणि ७३ सेकंदांत आकाशांतच त्याचे तुकडे झाले. आंतील सातही जण मृत्युमुखीं पडले.

त्या तेरा कागदांत खरी माहिती नव्हती असें नाहीं. कड्यांना पूर्वीं झालेल्या इजेचा इतिहास एका कागदावर होता, कांहीं उड्डाणांचीं तापमानें दुसऱ्यावर होतीं. परंतु आधींच्या चोवीस उड्डाणांचें तापमान आणि प्रत्येक उड्डाणांत झालेली इजा समोरासमोर दाखविणारें एकही चित्र त्यांत नव्हतें. अपघाताच्या चौकशीसाठीं नेमलेल्या रॉजर्स आयोगानें त्याच वर्षीं जूनमध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत तें काढून दाखविलें. आणि तेंही दोन आलेखांच्या जोडीनें. एका आलेखांत, ज्या उड्डाणांत इजा झाली तेवढ्यांचेच ठिपके होते, आणि ते इतके विखुरलेले होते कीं, थंडीचा व इजेचा कांहीं संबंध असेल असें कोणास वाटूं नये. दुसऱ्यांत निर्विघ्न पार पडलेल्या उड्डाणांचेही ठिपके घातले होते, आणि तेवढ्यानें चित्र पालटलें. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक उष्ण हवेंत झालेल्या वीस उड्डाणांपैकीं केवळ तिहींत कड्यांना इजा झाली होती. ६३ अंश व त्याखालील चारही उड्डाणांत ती झाली होती. तोंवरचें सर्वांत थंड उड्डाण ५३ अंशांवर झालें होतें, आणि चॅलेंजरची सकाळ त्याहून कितीतरी थंड होती.

पुढें १९९७ सालीं एडवर्ड टफ्टी या अमेरिकन लेखकानें, अभियंत्यांनीं आपले आंकडे नीट मांडले असते तर उड्डाण थांबलें असतें, असा ठपका ठेवला. अभियंत्यांच्या बाजूनें त्याला उत्तरही दिलें गेलें, आणि तें रास्त होतें. ‘उडूं नका’ असें सांगणारीं माणसें तींच होतीं. त्यांच्यावरच सर्व दोष लादणें हा न्याय नव्हे. परंतु आयोगाच्या अहवालांतील ते दोन आलेख जवळजवळ ठेवून पाहणाऱ्याला एक गोष्ट पटल्यावांचून राहत नाहीं: दोन चित्रें स्वतंत्र पाहणें आणि तींच दोन एका मापानें शेजारीं शेजारीं पाहणें, यांत महदंतर आहे.

ही गोष्ट आपल्याकडच्या घराघरांत अजाणतां ठाऊक असते. पंचांगाचें पान उघडलें म्हणजे तिथि, वार, नक्षत्र, योग आणि करण हीं पांचही अंगें एका दिवसाच्या एकाच ओळींत मांडलेलीं दिसतात. तींच पांच स्वतंत्र पुस्तकांत छापलीं असतीं, तर माहिती तितकीच राहिली असती आणि मुहूर्त काढणाऱ्याची मात्र त्रेधा उडाली असती. पंचांगाची सारी करामत त्या समान ओळींत आहे. आंकड्यांच्या चित्रांना ही समान ओळ मिळवून देण्याची विद्या युरोपांत व अमेरिकेंत सुमारें दोनशें वर्षांत वाढली. ती प्रथम तांब्याच्या व दगडाच्या पाट्यांवर वाढली आणि नंतर संगणकाच्या आज्ञांत उतरली.

आंकड्यांचे आलेख काढण्याची प्रथा रूढ करण्याचें श्रेय विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाकडे जातें. हा कांहीं काळ वाफेच्या यंत्राचा सुप्रसिद्ध सुधारक जेम्स वॉट याच्याकडे नकाशे काढण्याच्या कामावर होता. १७८६ सालीं त्यानें व्यापाराच्या आंकड्यांचा जो संग्रह काढला त्यांत ४४ आलेख होते. परंतु ते सर्व आपापल्या पानावर एकटे. अनेक गोष्टी एकाच तावावर आणण्याचें साहस त्यानें उतारवयांत केलें. १८२१ सालीं इंग्लंडांतील शेतीच्या दुरवस्थेवर त्यानें एक पुस्तिका लिहिली, आणि तिच्यांतल्या एका आलेखांत १५६५ पासून १८२१ पर्यंतचा काळ घेतला. गव्हाचा भाव त्यानें उभ्या पट्ट्यांनीं दाखविला, मजुराचा आठवड्याचा पगार रेषेनें दाखविला, आणि वरच्या कडेला राणी एलिझाबेथपासून चौथ्या जॉर्जपर्यंतच्या राज्यकर्त्यांच्या कारकीर्दी पट्टीसारख्या मांडल्या. तीन निरनिराळीं चित्रें, परंतु तिन्हींना वर्षांची पायरी एकच. मांडणी म्हणून हें काम आजही पाहणाऱ्याला चकित करतें.

गंमत अशी कीं, प्लेफेअरला जें सिद्ध करावयाचें होतें तें या देखण्या चित्रांतून दिसत नाहीं. मजुरीच्या मानानें पाहतां गहूं पूर्वीं कधीं नव्हता इतका आतां स्वस्त झाला आहे, असें त्याचें प्रतिपादन होतें. परंतु गव्हाचा भाव एका मोठ्या मापाच्या शिलिंगांत आणि पगार आठवड्याच्या शिलिंगांत, असे दोन्ही त्यानें एकाच उंचीच्या पट्टीवर मोजले. परिणामीं पगाराची रेषा तळाशीं सपाट रांगत राहते आणि गव्हाच्या पट्ट्या डोक्यावर डोंगरासारख्या उभ्या राहतात. एक माप गहूं घ्यावयास मजुराला किती दिवस राबावें लागे, एवढाच हिशेब करून त्यानें एक साधी रेषा काढली असती, तरी त्याचें म्हणणें एका दृष्टिक्षेपांत सिद्ध झालें असतें. अनेक आलेख एकत्र आणण्याच्या विद्येचा हा जवळजवळ पहिला धडा, आणि तो धडा चुकीचा आहे हें एका दृष्टीनें बरें झालें. चित्रें एकत्र येणें निराळें आणि त्यांची तुलना होणें निराळें, हें त्यानें आरंभींच दाखवून ठेवलें.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचीं १८५८ मधील गोल चित्रें बहुतेकांना ऐकून माहीत असतात. क्रायमियाच्या युद्धांत सैनिक गोळ्यांनीं कमी आणि रोगांनीं अधिक मेले, हें त्यांनीं दाखविलें. मात्र तीं चित्रें दोन होतीं, आणि दोन्हीं एकाच तावावर होतीं, हें सहसा सांगितलें जात नाहीं. उजवीकडे एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ हें वर्ष, डावीकडे त्यापुढचें वर्ष, आणि दोहोंना जोडणारी एक तुटक रेषा. इस्पितळांच्या स्वच्छतेची मोहीम या दोन वर्षांच्या सांध्यावर सुरू झाली होती. उजवीकडचें विशाल वर्तुळ आणि डावीकडचें आकसलेलें वर्तुळ हीं एकाच मापाचीं असल्यामुळें, बाईंना जो युक्तिवाद शब्दांनीं करावा लागला असता तो कागदानेंच केला.

या परंपरेंतील सर्वांत थोर कृति मात्र एका फ्रेंच अभियंत्याची आहे. शार्ल मिनार यांनीं २० नोव्हेंबर १८६९ या तारखेचा एक ताव शिळाप्रेसवर छापवून घेतला, तेव्हां त्यांचें वय ८८ वर्षांचें होतें. नेपोलियननें १८१२ सालीं रशियावर केलेली स्वारी त्यांत एका रुंद पट्ट्यानें दाखविली आहे. पट्ट्याची रुंदी म्हणजे जिवंत सैनिकांची संख्या. नीमेन नदी ओलांडतांना ४,२२,००० माणसांचा हा पट्टा मॉस्कोला पोंचेपर्यंत १,००,००० चा होतो. परतीचा काळा पट्टा बारीक होत होत अखेर १०,००० वर येतो. त्याच्याखालीं परतीच्या वाटेवरील थंडीचा निराळा आलेख आहे, आणि वरच्या पट्ट्यापासून खालच्या रेषेपर्यंत उभ्या रेघा सोडलेल्या आहेत. बेरेझिना नदीपाशीं पट्टा ५०,००० वरून २८,००० वर कां आला, हें पाहणाऱ्याची दृष्टि आपोआप रेघ धरून खालीं उतरते आणि शून्याखालीं वीस अंशांवर जाऊन थबकते. हे अंश रेओम्यूर यांच्या मापाचे आहेत. त्या मापानें ६ डिसेंबरला पारा उणें तीसवर होता, म्हणजे आजच्या सेल्सियस मापानें उणें साडेसदतीस. नकाशा आणि आलेख या दोन भिन्न जातींच्या चित्रांना एकमेकांशीं बोलतें करण्याची ही हातोटी त्यापूर्वीं क्वचितच कोणी दाखविली होती.

परंतु मिनार यांच्या तावावर आणखी एक चित्र होतें, आणि आजच्या बहुतेक पुस्तकांतून तें कापून टाकलेलें असतें. वरच्या भागांत त्यांनीं हानिबल या कार्थेजच्या सेनापतीची स्वारी काढली होती. स्पेनहून निघालेलें ९६,००० चें सैन्य गॉल देशांतून आल्प्स पर्वत ओलांडून इटलींत उतरतें तेव्हां २६,००० उरतें. दोन्ही चित्रांना माप एकच दिलें होतें: दहा हजार माणसांना एक मिलिमीटर. दोन हजार वर्षांच्या अंतरानें झालेल्या दोन स्वाऱ्या त्या वृद्धानें एका तराजूंत घातल्या. नेपोलियनचा पट्टा एकटा पाहिला तर एका सेनापतीची शोकांतिका दिसते. हानिबलचा पट्टा वर असला म्हणजे ती एका जुन्या रोगाची दुसरी लागण दिसते. पुस्तकें छापणाऱ्यांना जागा वाचवावयाची असते, हें खरें. तरी अर्धा ताव फाडून उरलेल्याला ‘जगांतील सर्वोत्कृष्ट आलेख’ म्हणावयाचें, हा प्रकार थोडा विचित्रच आहे.

असो. या सर्व कामांत एक अडचण समान होती. पाट एकदां कोरला कीं कोरला. गहूं वर आणि पगार खालीं अशी मांडणी केल्यावर ती उलट करून पाहावी असें प्लेफेअरच्या मनांत आलें असतें, तरी त्यासाठीं नवा तांब्याचा पत्रा आणि नवी मजुरी लागली असती. त्यामुळें मांडणी ही शोध घेण्याची रीत होऊं शकली नाहीं. जें आधींच ठाऊक आहे तें इतरांना पटविण्याचें साधन एवढेंच तिचें स्वरूप राहिलें. अज्ञात गोष्ट शोधण्यासाठीं मांडणी दहा वेळां मोडून दहा वेळां करावी लागते, आणि तें सामर्थ्य संगणक येईपर्यंत कोणाच्या हातीं नव्हतें.

संगणक आला तेव्हां प्रथम उलटाच परिणाम झाला. यंत्र हिशेब इतक्या झपाट्यानें करूं लागलें कीं, चित्र काढणें हें अडाण्यांचें काम आणि अचूक अंक हें शास्त्रज्ञांचें काम, अशी समजूत पसरली. या समजुतीवर अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे फ्रान्सिस ॲन्स्कम यांनीं १९७३ सालीं एका लहानशा निबंधांत घाव घातला. त्यांनीं आंकड्यांचे चार संच रचले. प्रत्येकांत अकरा जोड्या. चारही संचांत पहिल्या राशीची सरासरी ९, दुसरीची साडेसात, दोन राशींच्या परस्परसंबंधाचा अंक सुमारें ०.८२, आणि त्यांतून निघणारी सरळ रेषाही एकच. यंत्राला विचारलें तर चारही संच जुळे भाऊ. मग त्यांनीं चारही संचांचे आलेख समान मापानें मांडले. पहिल्यांत ठिपके रेषेभोंवतीं नेहमींसारखे विखुरलेले. दुसऱ्यांत ते सुंदर कमानींत वळलेले. तिसऱ्यांत सर्व ठिपके शिस्तीनें एका रेषेंत आणि एकच बाहेर पळालेला. चौथ्यांत दहा ठिपके एका उभ्या भिंतीसारखे, आणि दूर कोपऱ्यांतला अकरावा एकटा साऱ्या संबंधाचा भार वाहणारा. संगणकानें हिशेबही करावे आणि आलेखही काढावेत, दोन्हींचा अभ्यास व्हावा, असें ॲन्स्कम यांचें सांगणें होतें.

तें सांगणें प्रत्यक्षांत उतरविण्याचें काम अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झालें. जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७६ च्या सुमारास आंकड्यांच्या कामासाठीं ‘एस्’ नांवाची संगणकीय भाषा रचावयास घेतली. भाषा म्हणजे यंत्राला द्यावयाच्या आज्ञांचें व्याकरण. कोणतें गणित करावें, कोणता आलेख काढावा, तो पानावर कोठें ठेवावा, हें त्या व्याकरणाप्रमाणें ओळींत लिहून द्यावयाचें आणि यंत्रानें तें तंतोतंत पाळावयाचें. या भाषेंत पानाचे भाग पाडण्याची एक आज्ञा होती. तिला ‘दोन ओळी, दोन स्तंभ’ असें सांगितलें कीं पानाचे चार चौकोन पडत, आणि त्यापुढें काढलेले आलेख डावीकडून उजवीकडे, मग खालच्या ओळींत, असे क्रमानें एकेका चौकोनांत जाऊन बसत. ॲन्स्कम यांचें चार आलेखांचें पान आतां चार-पांच ओळींच्या आज्ञेंत निघूं लागलें, आणि क्रम बदलावयाचा झाला तर एक अंक खोडून दुसरा लिहिला कीं काम झालें.

ही सोय मोठी होती. तरी ती फळीवर डबे ओळीनें मांडण्यासारखी होती. कोणत्या डब्यांत काय आहे याचा फळीला पत्ता नसतो. बेल प्रयोगशाळेंतीलच विल्यम क्लीव्हलंड, रिचर्ड बेकर आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९० नंतरच्या वर्षांत पुढचें पाऊल टाकलें. द्राक्षाचा किंवा तोंडल्याचा वेल चढविण्यासाठीं बागेंत चौकटींचा मांडव घालतात. त्याच्यावरून त्यांनीं आपल्या पद्धतीला ‘ट्रेलिस’ म्हणजे मांडव असें नांव दिलें. येथें चौकटी आधीं पाडून त्यांत आलेख कोंबावयाचे नसत. आंकड्यांचा सबंध ढीग यंत्राला द्यावयाचा आणि ‘गांवाप्रमाणें वेगळे कर’ एवढेंच सांगावयाचें. जितकीं गांवें तितक्या चौकटी यंत्र आपण होऊन पाडी, आणि सांगितल्यावांचून सर्व चौकटींना एकच माप लावी. प्लेफेअरचा घोटाळा टाळण्याची खबरदारी अशा रीतीनें व्याकरणांतच घालून ठेवण्यांत आली. शिवाय चौकटींचा क्रम अकारविल्हे न ठेवतां आंकड्यांच्या चढउताराप्रमाणें ठेवावा, असा त्यांचा आग्रह होता. बाराखडीला शेतीचें ज्ञान नसतें.

या मांडवाची ख्याति एका जुन्या शेतीप्रयोगामुळें झाली. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांत १९३१ आणि १९३२ या दोन सालीं सहा ठिकाणीं सातूच्या दहा जाती पेरून त्यांचें एकरी उत्पन्न मोजलें गेलें होतें. दहा जाती, सहा ठिकाणें, दोन वर्षें: एकूण १२० आंकडे. ते १९३४ सालीं प्रसिद्ध झाले. आधुनिक संख्याशास्त्राचे अध्वर्यु रोनाल्ड फिशर यांनीं त्यांपैकीं कांहीं आंकडे पुढच्याच वर्षीं आपल्या प्रयोगरचनेवरील ग्रंथांत उदाहरणादाखल घेतले, आणि तेव्हांपासून ते पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिले. विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनीं त्यांच्यावर गणितें सोडविलीं.

क्लीव्हलंड यांनीं १९९३ च्या आपल्या ग्रंथांत या आंकड्यांसाठीं सहा चौकटींचा मांडव घातला. प्रत्येक ठिकाणाला एक चौकट. तींत दहा जातींच्या दहा ओळी. प्रत्येक ओळीवर दोन खुणा, एक १९३१ ची व एक १९३२ ची. पांच ठिकाणीं एकंदरीनें १९३१ चें पीक सरस आणि १९३२ चें हीन दिसलें. मॉरिस या सहाव्या ठिकाणीं मात्र सर्व उलट: तेथें १९३२ च्या खुणा पुढें आणि १९३१ च्या मागें. कोष्टकाच्या १२० आंकड्यांत जें साठ वर्षें दडून राहिलें होतें, तें चौकटी एकावर एक लागतांच लहान मुलालाही दाखवितां यावें इतकें उघड झालें. क्लीव्हलंड यांनीं निष्कर्ष काढला कीं, मॉरिसच्या नोंदींत दोन सालांची अदलाबदल झाली असली पाहिजे. कारकुनाच्या हातून झालेली चूक, आणि ती फिशर यांच्यासारख्याच्या नजरेखालून निसटली! ही कथा आलेखशास्त्राच्या वर्गांतून मोठ्या हौसेनें सांगितली जाऊं लागली.

दरम्यान ही विद्या बेल प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर पडली. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनीं ‘एस्’ च्या धर्तीवर ‘आर्’ ही भाषा केली आणि १९९५ पासून ती सर्वांना विनामूल्य खुली झाली. तिच्यासाठीं मांडवाची पद्धति नव्यानें रचली ती दीपायन सरकार या भारतीय संख्याशास्त्रज्ञानें. हे पुढें दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत प्राध्यापक झाले. त्यांच्या आज्ञासंग्रहाचें नांव ‘लॅटिस’, म्हणजे जाळी. ‘पायथन’ या दुसऱ्या लोकप्रिय भाषेंत आलेखांची सोय जॉन हंटर यांनीं २००३ सालीं करून दिली. हे मेंदूच्या अपस्मार रोगाचे संशोधक. मेंदूच्या निरनिराळ्या भागांतून येणाऱ्या विद्युत्प्रवाहाच्या नोंदी त्यांना पाहावयाच्या होत्या, आणि अशा नोंदी एकाखालीं एक, एकाच काळाच्या पट्टीवर मांडल्यावांचून झटका कोठें सुरू झाला आणि कोठें पसरला हें कळत नाहीं. २०१२ सालीं हंटर अकालीं वारले. त्यांनीं निर्मिलेलें साधन मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत रुजलें.

वर वर पाहतां आतां काम सोपें झालें. थॉमस लिन पेडरसन यांनीं २०१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘पॅचवर्क’ या आज्ञासंग्रहांत दोन आलेखांच्या नांवांमध्यें उभी रेघ लिहिली कीं ते शेजारीं बसतात, आणि तिरपी रेघ लिहिली कीं अपूर्णांकाच्या अंश-छेदांप्रमाणें एकावर एक चढतात. पायथनच्या २०२० मधील एका सुधारणेंत तर पानाचा आराखडा अक्षरांनींच काढतां येऊं लागला. वरच्या ओळींत एकच अक्षर दोनदां लिहिलें कीं तो आलेख दोन घरांची जागा व्यापतो.

या सोपेपणाआड जें बारीक काम यंत्र करतें तें समजून घेण्यासारखें आहे. समजा, वरच्या आलेखाच्या डाव्या कडेला ‘५’, ‘१०’ असे लहान अंक आहेत आणि खालच्याच्या कडेला ‘१०,०००’, ‘२०,०००’ असे लांब अंक आहेत. लांब अंकांना जागा अधिक लागते. तेवढ्यानें खालचा आलेख उजवीकडे सरकतो, आणि वरचा जानेवारी व खालचा जानेवारी एका उभ्या रेषेंत राहत नाहींत. मिनार यांची उभी रेघ अशा ठिकाणीं नेमकी चुकीच्या दिवशीं उतरली असती. म्हणून आज्ञासंग्रहाला प्रत्येक आलेखाचे समास, मथळा, अंक व चौकट यांचीं मापें निरनिराळीं घेऊन, सर्वांत रुंद समासाप्रमाणें बाकीच्यांचे समास वाढवावे लागतात. चांगला जुळारी खिळे जुळवितांना जें डोळ्यांनीं करीत असे, तेंच हें काम.

जें यंत्राला करतां येत नाहीं तेंही येथेंच दिसतें. याच भाषांत ‘प्रत्येक चौकटीला तिचें स्वतंत्र माप दे’ असें सांगणारा एक शब्द असतो. कधीं कधीं तो आवश्यक असतो. पाऊस इंचांत आणि धान्य मणांत मोजलेलें असलें तर त्यांना एक माप लावणें वेडेपणाचें. परंतु तोच शब्द दोन गांवांच्या मृत्युसंख्येला लावला, तर पांच मृत्यूंचा चढ आणि पांचशें मृत्यूंचा चढ शेजारच्या चौकटींत सारख्याच उंचीचे दिसतात, आणि वरवर पाहणारा फसतो. तांब्याच्या पत्र्याच्या काळीं असली लबाडी किंवा गैरसमज शोधण्यासाठीं कंपास घेऊन बसावें लागे. आतां आज्ञा लिहिलेली असते, आणि ती वाचतां येणारा कोणीही नेमका शब्द दाखवून विचारूं शकतो कीं, हा येथें कां घातला? शास्त्रीय नियतकालिकांतून आलेखाबरोबर आंकडे व आज्ञावलीही मागण्याची जी चाल पडत आहे, ती यासाठीं.

तसा प्रश्न मॉरिसच्या सातूविषयींही पुढें विचारला गेला. केव्हिन राइट यांनीं मिनेसोटांतील जुने शेतीअहवाल धुंडाळून १९२७ पासून १९३६ पर्यंतच्या दहा वर्षांचें सातूचें उत्पन्न आणि हवामानाच्या नोंदी गोळा केल्या, आणि २०१३ सालीं त्या प्रसिद्ध केल्या. दोन वर्षांच्या जागीं दहा वर्षें मांडवावर चढलीं तेव्हां दिसून आलें कीं, एका ठिकाणीं साल चांगलें आणि दुसऱ्या ठिकाणीं तेंच साल वाईट, असा उलटापालटीचा प्रकार त्या प्रदेशांत मुळींच विरळा नव्हता. एका गांवाला पाऊस मिळावा आणि दुसऱ्यानें कोरडें राहावें, यांत शेतकऱ्याला नवल तें काय? मॉरिसचे आंकडे जसे छापले होते तसेच खरे असण्याला कांहींच हरकत नव्हती, आणि ज्या कारकुनावर चुकीचा आळ आला होता तो बहुधा निर्दोष होता.

क्लीव्हलंड यांचें सहा चौकटींचें चित्र आजही कोणालाही काढतां येतें. ते १२० आंकडे ‘लॅटिस’ संग्रहाबरोबर विनामूल्य मिळतात, आज्ञा जेमतेम एका ओळीची आहे, आणि ती दिली कीं पांच चौकटी एका बाजूला झुकतात व मॉरिसची चौकट अजूनही उलटीच दिसते.